सोळांतले तीन

१९५२ हे रक्ताच्या अभ्यासातलं मोठं गजबजलेलं वर्ष. फेब्रुवारीत हर्मन लेहमान आणि मारी कटबुश यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं, की निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींच्या रक्तात सिकल सेलचा दोष आहे. तोवर हा आजार आफ्रिकी वंशाच्या माणसांचा, असंच वैद्यकाची पुस्तकं सांगत. त्याच वर्षी आसामातल्या चहामळ्यांवर बाहेरून नेलेल्या मजुरांमध्ये तोच दोष डनलॉप आणि मजुमदार यांना आढळला. मे महिन्यात मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवाच रक्तगट नोंदवला, जगभर तो आजही ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणूनच ओळखला जातो. आणि तिकडे पॅरिसमध्ये ज्याँ दोसे हे रक्ततज्ज्ञ एका रुग्णापुढे चक्रावून बसले होते. या रुग्णाला पुष्कळदा रक्त चढवलेलं होतं. त्याचा रक्तद्रव दुसऱ्या कुणाच्या रक्तात मिसळला, की त्या दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या होत. त्याच्या स्वतःच्या पेशी मात्र सुट्या राहत. म्हणजे लाल पेशींना जसे गट आहेत, तसे पांढऱ्या पेशींनाही असणार.

लेहमान आणि दोसे यांना एकमेकांच्या कामाशी काही देणंघेणं नव्हतं. पण आज रायपूरमध्ये एखाद्या आजारी मुलाचे आईबाप ‘बोनमॅरो बदलता येईल का?’ असं विचारतात, तेव्हा समोरच्या डॉक्टरला या दोघांचीही गोष्ट एकाच कागदावर मांडावी लागते.

रायपूर तेव्हा नागपूरचंच होतं. अठराव्या शतकात भोसल्यांच्या फौजा छत्तीसगढात उतरल्या, १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, पुढे मध्य प्रांत आला. पण या सगळ्या काळात छत्तीसगढच्या कारभाराची दोरी नागपुरातच राहिली. १९५२ मध्येही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर आणि रायपूर हा त्यातला एक जिल्हा. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगढ नव्या मध्य प्रदेशात. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी नागपूर भागातल्या सिकल सेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. पुढच्या पाहण्यांत विदर्भात महार, तेली, कुणबी, गोंड आणि सीमेपलीकडे साहू, कुर्मी, सतनामी, गोंड अशा कितीतरी समाजांत तो सापडत गेला. राज्यपुनर्रचनेत फायली वाटल्या गेल्या, कर्मचारी वाटले गेले. हा आजार मात्र दोन्हीकडे पुरून उरला.

रायपूरकडे लोक त्याला सरळ ‘सिकलिंग’ म्हणतात. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एका अक्षराची चूक होते. ही चूक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आली, तर माणूस वाहक. त्याला सहसा काही त्रास होत नाही, उलट लहानपणी मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. दोघांकडून आली, तर प्राणवायू कमी पडताच लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं अशी ठणकू लागतात की धडधाकट माणूसही गडाबडा लोळतो. या पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे बोनमॅरोत तयार होतात. तेव्हा दुसऱ्या कुणाची निरोगी अस्थिमज्जा बसवली तर आजार मुळातून जाईल, हे तर्काने कुणालाही सुचेल. अडचण बसवण्यात होती.

तीही १९५८ मध्येच उघडी पडली. त्या वर्षी ऑक्टोबरात युगोस्लावियातल्या विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला आणि सहा तरुणांच्या अंगावर भयंकर किरणोत्सार झाला. त्यांना पॅरिसला नेण्यात आलं. जॉर्ज माथे यांनी त्यांतल्या पाच जणांना फ्रेंच स्वयंसेवकांची अस्थिमज्जा दिली. जुळवायला हाताशी होते ते फक्त लाल पेशींचे रक्तगट. एक जण दगावला, बाकीचे वाचले. पण परकी मज्जा त्यांच्यात काही काळच टिकली आणि मग त्यांच्या स्वतःच्याच मज्जेने उचल खाल्ली. अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला होता. त्यांतलं कुणीही शंभर दिवसांच्या पलीकडे जगलं नाही. १९७० मध्ये मॉर्टिमर बॉर्टिन यांनी तोवरच्या सुमारे दोनशे प्रत्यारोपणांची जंत्री मांडली, तेव्हा जगलेले बोटांवर मोजण्याइतके निघाले. बहुतेकांनी हा नाद सोडून दिला. थॉमस यांनी सोडला नाही, कुत्र्यांवर प्रयोग करत राहिले. १९९० चं नोबेल त्यांना मिळालं ते या चिकाटीचं.

नेमकं काय जुळवायचं, याचा शोध दुसऱ्याच दिशेने चालला होता. १९५८ मध्ये दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरची पहिली खूण पकडली आणि तिला ‘मॅक’ नाव दिलं. ज्या तीन जणांच्या रक्तात ती नव्हती, त्यांच्या नावांची ही आद्याक्षरं. त्याच वर्षी हॉलंडमध्ये जॉन व्हॅन रूड आणि कॅलिफोर्नियात रोझ पेन यांच्या लक्षात आलं, की ज्या बायकांची बरीच बाळंतपणं झाली आहेत त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींविरुद्धचे प्रतिपिंड आयतेच असतात. कारण साधं आहे. गर्भाच्या निम्म्या खुणा बापाकडच्या, म्हणजे आईच्या शरीराला परक्या. गर्भ ती सांभाळते, पण त्या खुणांची नोंद तिच्या रक्तात राहून जाते. या शास्त्राच्या पायात कित्येक अनामिक लेकुरवाळ्यांचं रक्त आहे, आणि नोबेलच्या यादीत त्यांचं नाव अर्थातच नाही. दोसे यांना मात्र १९८० मध्ये नोबेल मिळालं.

१९६४ मध्ये पॉल तेरासाकी यांनी या तपासणीला एवढुशी जागा करून दिली. तळहातावर मावेल अशी प्लास्टिकची ताटली, तिच्यात बारीक खळगे. प्रत्येक खळग्यात तेलाच्या थराखाली वेगवेगळ्या बाईच्या रक्तद्रवाचा थेंबाचा अंश. त्यावर रुग्णाच्या पांढऱ्या पेशी सोडायच्या, मग सशाच्या रक्तातला पूरक घटक घालायचा आणि शेवटी रंग. प्रतिपिंडाला ओळखीची खूण सापडली की पेशीचं आवरण फुटतं, ती मरते आणि रंग आत शिरतो. जिवंत पेशी चमकत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली खळग्यामागून खळगा पाहत तंत्रज्ञ कागदावर आकडे मांडत जाई आणि त्यातून माणसाचा ‘एचएलए’ नमुना निघे. तीसेक वर्षं जगभरातल्या प्रयोगशाळांत हेच चाललं होतं. डीएनएवरच्या चाचण्या नंतर आल्या. लाल पेशींचा गट आणि हा नमुना यांचा एकमेकांशी संबंध नाही. दात्याचा रक्तगट निराळा असला तरी प्रत्यारोपण होऊ शकतं आणि मग रुग्णाचा रक्तगटच बदलून दात्याचा होतो.

एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर अगदी जवळजवळ बसलेली आहेत. म्हणून ती सुटी सुटी न येता गठ्ठ्याने येतात: एक गठ्ठा आईकडून, एक बापाकडून. सख्ख्या भावंडाला नेमके तेच दोन गठ्ठे मिळण्याची शक्यता चारांत एक. १९६८ मध्ये मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या एका तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली आणि ते मूल जगलं. आपल्याकडे २० मार्च १९८३ ला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. दाता तिचा भाऊ. अडवाणींचे पाय लहानपणीच पोलिओने गेलेले, सारा व्याप चाकाच्या खुर्चीतून चाललेला. तंत्र शिकून आले होते ते सिएटलला थॉमस यांच्याकडे.

सिकल सेलची आणि या तंत्राची गाठभेट मात्र अपघातानेच झाली. अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात आठ वर्षांच्या एका मुलीला सिकल सेलही होता आणि वर रक्ताचा कर्करोगही जडला. मज्जा बदलली ती कर्करोगासाठी, एचएलए जुळलेल्या सख्ख्या भावंडाची. कर्करोग गेला आणि सिकल सेलही गेला. १९८४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दाता स्वतः वाहक होता. म्हणजे वाहकाची मज्जाही चालते, हा धडाही त्याच घटनेतून मिळाला.

रायपूरच्या दृष्टीने हा धडा मोलाचा, कारण आता हिशेब असा होतो. सिकलचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर, एचएलए सहाव्यावर. दोघांची वाटणी एकमेकांवर अवलंबून नाही. आईबाप दोघेही वाहक. रुग्णाच्या एखाद्या भावंडाचा एचएलए जुळण्याची शक्यता चारांत एक आणि ते भावंड स्वतः सिकलग्रस्त नसण्याची चारांत तीन. दोन्ही एकत्र साधण्याची शक्यता सोळांत तीन. दोन भावंडं असली तर तीनांत एक धरा, तीन असली तर जेमतेम निम्मी. आता यात भर म्हणून २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगढचा जननदर बाईमागे १.८ मुलं एवढा निघाला. लहान कुटुंबाचं धोरण फळाला आलं हे उत्तमच. पण आजारी मुलाच्या घरात त्याचा अर्थ दाता मिळण्याची शक्यता आणखी घटली, असाही होतो.

रायपूरला वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये आलं. त्याच्या आंबेडकर रुग्णालयाला शहर आजही ‘मेकाहारा’ म्हणतं. मेडिकल कॉलेज हॉस्पिटल रायपूर, याचं ते लघुरूप. २००० साली राज्य वेगळं झालं आणि सिकलिंग हा राज्याचाच प्रश्न आहे, हे सरकारी पातळीवर मान्य होऊ लागलं. या महाविद्यालयातले डॉ. पी. के. पात्रा यांच्या पुढाकाराने शाळाशाळांतून तपासणी झाली. सल्लामसलतीला जमैकाचे ग्रॅहम सर्जंट होते. सिकल सेलवर आयुष्य घालवलेला माणूस. चाचणी अगदी स्वस्त. बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, रसायनाच्या नळीत टाकायचा आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर मूल सुटलं. द्रव गढूळ होऊन रेघा बुडाल्या तर पुढची, विजेवरची तपासणी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ३ ते १५ वयाच्या ३,५९,८२३ मुलांचे निकाल आहेत. त्यांतले ३३,४६७ वाहक, म्हणजे शंभरात नऊहून जास्त, आणि ७६६ सिकलग्रस्त.

एवढं मोठं काम झालं ते मुख्यतः लग्नं डोळ्यांपुढे ठेवून. दोन वाहकांचं लग्न टळलं तर आजारी मूल जन्माला येणार नाही, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रातही पांढरं, पिवळं, लाल अशी कार्डं वाटली गेली. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलग्रस्तांची चळवळ उभी केली. त्यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनेही ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं आणि २०४७ ची मुदत घातली. हे सगळं हवंच. पण पत्रिकेबरोबर कार्ड पाहा म्हणणं सोपं, आणि मुलीचं पिवळं, म्हणजे वाहकाचं, कार्ड सोयरिकीत दडवलं जाणं त्याहून सोपं. शिवाय जी मुलं आधीच जन्मली आहेत, त्यांना या कार्डाचा काय उपयोग?

त्यांच्यासाठीही प्रत्यारोपण हा एकच मार्ग नव्हता, हे सांगायला हवं. भारतातल्या सिकल जनुकाभोवतीची रचना आफ्रिकेतल्याहून वेगळी. अरब-भारतीय म्हणतात ती. तिच्यामुळे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुढेही बऱ्यापैकी टिकतं आणि आजाराची धार थोडी बोथट होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी हायड्रॉक्सियुरियाची कमी मात्रा मुलांना देऊन वेदनेचे झटके आटोक्यात येतात हे दाखवलं. स्वस्त गोळी, जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळणारी. उलट प्रत्यारोपणात आधी जालीम औषधांनी मुलाची स्वतःची मज्जा मारावी लागते. पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. आणि जुळणी कमी पडली तर नवी मज्जाच शरीरावर उलटते. कातडी सोलवटते, आतडी नासतात, यकृत बिघडतं. वर्षातून दोनदा दुखणारं, एरवी शाळेत जाणारं मूल या वाटेवर नेऊन उभं करायचं का? माझ्या मते, पक्षाघात झालेल्या किंवा छाती वारंवार भरणाऱ्या मुलासाठी हा प्रश्न उरत नाही. बाकीच्यांसाठी तो खराच अवघड आहे, आणि ‘कायमचा बरा’ एवढेच दोन शब्द छापणाऱ्या जाहिराती बेजबाबदार आहेत.

घरात जुळलं नाही, तर बाहेर शोधायचं. शर्ली नोलन यांनी लंडनमध्ये आपल्या अँथनी या आजारी मुलासाठी १९७४ मध्ये अनोळखी दात्यांची नोंदवही सुरू केली. त्याला दाता मिळाला नाही. १९७९ मध्ये तो गेला. नोंदवही मात्र वाढत गेली आणि आज जगभर ४ कोटींहून अधिक दाते नोंदलेले आहेत. त्यांत युरोपीय वंशाचे लोक फार. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. एन. के. मेहरा यांनी भारतीयांचे एचएलए नमुने वर्षानुवर्षं तपासले. दोसे यांच्या ‘मॅक’ची, म्हणजे आजच्या ए-२ ची, आपल्याकडे पुष्कळ आढळणारी एक उपजात युरोपात क्वचितच दिसते. अशा फरकांमुळेच भारतीय रुग्णासाठी जर्मन नोंदवही फारशी कामाची नाही. एम्सने १९९४ मध्ये भारतीय दात्यांची नोंदणी सुरू केली, २००९ मध्ये चेन्नईची ‘दात्री’ आली, पुढे बंगळूरहून ‘डीकेएमएस’ या जर्मन संस्थेचं काम सुरू झालं, तरी सगळ्या मिळून दाते काही लाखांतच.

आणि ‘भारतीय’ म्हणूनही भागत नाही. जनुकशास्त्रज्ञ सांगतात, की सुमारे १९०० वर्षांपूर्वी आपल्याकडची सरमिसळ थांबली आणि जातीतच लग्नं होऊ लागली. तेव्हा साहू रुग्णाला जुळणारा माणूस साहूंमध्ये सापडण्याची शक्यता जास्त. पण दुर्ग-धमतरीचे किती साहू नोंदवहीत आहेत? याची दुसरी बाजूही आहे. गोंडांमध्ये मामे-आते भावंडांचं लग्न लावण्याची जुनी चाल आहे, तिला ‘दूध लौटावा’ म्हणतात. मामाची मुलगी करणं तर आपल्याकडेही नवं नाही. अशा घरांत सिकलची दुहेरी मात्रा येण्याचा धोका वाढतो. पण आईबापांचे एचएलए गठ्ठेही सारखे निघू शकतात. मग जे भावंडांत जुळलं नाही ते कधी आईशी, कधी चुलत-मावस नात्यात जुळतं. जवळच्या लग्नांना नावं ठेवणाऱ्या डॉक्टरलाच अशा घरात दात्यासाठी नातेवाइकांची लांबलचक यादी करावी लागते.

तपासणी आता सोपी झाली आहे. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, पाकिटात घालायची. ‘डीकेएमएस’च्या शिबिरांतल्या अशा काड्या जर्मनीत ड्रेस्डेनच्या प्रयोगशाळेत जातात. कोल इंडियाने २०१७ मध्ये थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आजाराच्या मुलांसाठी प्रत्यारोपणाला १० लाखांपर्यंत मदत सुरू केली. छत्तीसगढ सरकारच्या विशेष साहाय्य योजनेत महागड्या उपचारांना मदत मिळू शकते. नवा रायपूरला प्रत्यारोपणाची सोय असलेलं बाल्को मेडिकल सेंटर आहे, म्हणजे प्रत्येकाने हावडा-मुंबई मेल पकडून परळ गाठायलाच हवं, असंही उरलेलं नाही. अहमदाबादेत तर २०१८ मध्ये एचएलए जुळणारा भ्रूण निवडून जन्माला घातलेल्या मुलीची मज्जा मार्च २०२० मध्ये तिच्या थॅलेसेमियाग्रस्त भावाला दिली गेली. त्यावर नैतिकतेची चर्चा बरीच झाली. मला त्यातली सगळीच पटली नाही. घराण्याला वारस हवा म्हणून मूल होतं तेव्हा इतकी चर्चा होत नाही.

अलीकडे निम्म्या जुळणीचीही वाट खुली झाली आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ठरलेल्या पद्धतीनुसार निम्मं जुळणाऱ्या आईची किंवा बापाची मज्जा द्यायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे जुनं, स्वस्त औषध मोठ्या मात्रेत टोचायचं. उलटू पाहणाऱ्या पेशी त्यात मरतात, मूळपेशी तगतात. यामुळे जवळपास प्रत्येक मुलाला कुणीतरी दाता मिळतो, पण मज्जा नाकारली जाण्याचा धोका पूर्ण जुळणीपेक्षा जास्तच. जनुक-संपादनात तर दाताच लागत नाही, मुलाच्याच पेशी दुरुस्त करून परत देतात. ‘कॅसजेव्ही’ या अशा उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत परवानगी मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेत देशी आवृत्तीवर काम चालू आहे.

तोवर रायपूरला हाताशी असलेल्या माणसांवरच भिस्त ठेवावी लागेल. शाळेत रेघांच्या कागदापुढे रक्त तपासून घेतलेली ती साडेतीन लाख मुलं आता बहुतेक अठराच्या पुढे गेली आहेत, म्हणजे दाता म्हणून नाव नोंदवण्याच्या वयात. वाहक बाजूला ठेवले तरी सव्वातीन लाख उरतात. साहू, कुर्मी, सतनामी, गोंड, ज्या समाजांचे नमुने नोंदवहीत हवेत नेमके त्याच समाजांतले. त्यांचा एचएलए तेव्हा कुणी तपासला नाही, तसं कारणही नव्हतं. गाव, शाळा आणि निकाल मात्र लिहून ठेवलेले आहेत.